४ एमबीचं मशीन, तरी ‘मेमरी अपुरी’ : जुन्या पीसीतल्या जादा मेमरीबद्दल मदत हवी

म्हादईकाठ

नमस्कार मंडळी,

चवथीच्या आधी वाळपईच्या घराचा माळा झाडायला काढला. पत्र्याच्या ट्रंकेमागे गोणपाटात गुंडाळलेला काकांचा ३८६ (३८६ प्रोसेसरचा जुना पीसी) मिळाला. काका शाळेत मास्तर होते. दर वर्षी चवथ झाली की ते वाड्यावाड्यांवर फिरून कोणाच्या माटोळीला (गणपतीवर रानातली फळंफुलं बांधलेला मांडव) काय बांधलं होतं ते लिहून घ्यायचे. फळाचं नाव, दुसऱ्या गावात त्याला काय म्हणतात, कोणत्या रानातून आणलं, कोणी आणलं, सगळं. आधी वहीत लिहायचे, १९९३ पासून या मशीनवर. वह्यांना वाळवी लागली. राहिलं ते याच्यात.

मशीन सुरू होतं, मला तर विश्वासच बसेना. हार्डडिस्क वाचता येते, पण तिच्यावरून बूट होत नाही, म्हणून मी डॉसची (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम) साधी बूट फ्लॉपी करून घातली. त्यानंतर देवनागरी कार्डाचा ड्रायव्हर, माऊस आणि प्रिंटरचा छोटा प्रोग्राम हाताने चालू करतो. काकांचा नोंदणीचा प्रोग्राम उघडायला गेलो की ‘मेमरी अपुरी’ असा संदेश येतो आणि तो बंद पडतो.

आता गोंधळ असा की सुरुवातीला मशीन मेमरी मोजतं तेव्हा ६४० केबी बेस आणि ३०७२ केबी एक्स्टेंडेड दाखवतं. आत ४ एमबी आहे, मी चारही पट्ट्या काढून पाहिल्या. इतक्या छोट्या प्रोग्रामला ४ एमबी का पुरू नये? आणि ६४० अधिक ३०७२ म्हणजे ३७१२. ४०९६ मधले ३८४ गेले कुठे?

बाल्कांव

सगळ्यात आधी माहितीच्या फाईली दुसरीकडे कॉपी करून ठेवा. बाकीचं नंतर.

म्हादईकाठ

ते पहिल्याच दिवशी केलं, दोन फ्लॉप्यांवर प्रत आहे. पण काकांनी बनवलेले अहवाल, गावाप्रमाणे आणि झाडाप्रमाणे लावलेल्या याद्या त्या प्रोग्रामातूनच निघतात. ते जसे बघायचे तसंच मला एकदा बघायचं आहे.

जुनी फ्लॉपी

फोंड्यात १९८९ पासून मशीनं दुरुस्त करतोय, त्यामुळे हा प्रश्न शेकडो वेळा ऐकलाय. म्हादईकाठ, मेमरी किती आहे यावर या मशीनांत काही ठरत नाही. ती कोणत्या पत्त्यावर आहे यावर ठरतं. हे एकदा डोक्यात बसलं की सगळं उलगडत जातं.

१९८१ च्या आयबीएम पीसीत ८०८८ प्रोसेसर होता. त्याला पत्त्याच्या २० तारा. २० तारांवर १०,४८,५७६ पत्ते होतात, म्हणजे बरोबर १ एमबी. त्यातले खालचे ६४० केबी रॅमसाठी ठेवले आणि वरचे ३८४ केबी यंत्राच्या स्वतःच्या कामाला राखले (पत्ते हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या मोजणीत): ए०००० पासून बी-एफएफएफएफ पर्यंत पडद्याची मेमरी, सी०००० ला व्हिडिओचा रॉम, मधे इतर कार्डांसाठी जागा आणि एफ०००० पासून बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा रॉममधला प्रोग्राम. तेव्हा मशीन १६ किंवा ६४ केबी घेऊन घरी यायचं, त्यामुळे ६४० ही कोणाला अडचण वाटली नाही. डॉस आणि डॉसचे प्रोग्राम याच नकाशावर लिहिले गेले आणि पुढे नकाशा बदलणं शक्य राहिलं नाही.

तुमच्या ३८६ ला ३२ तारा आहेत, तो ४ जीबीपर्यंत पत्ते काढू शकतो. पण डॉस चालू असताना तो ८०८८ सारखा वागतो. काकांच्या प्रोग्रामला दिसतात ते ६४० केबीच, त्यातही डॉस, देवनागरीचा ड्रायव्हर, माऊस, प्रिंटर जाऊन जे उरेल तेवढेच. वरचे ३०७२ जागेवर आहेत, पण त्यांच्याकडे जायची वाट तुमच्या फ्लॉपीवर नाही.

आता तुमचे हरवलेले ३८४. पट्ट्यांतली रॅम सलग बसवली तर तिचा एक तुकडा नेमका त्या राखीव ३८४ च्या पत्त्यांखाली येतो. तिथे आधीच रॉम आणि पडदा आहे. बऱ्याच मदरबोर्डांत तो तुकडा शॅडो रॅम म्हणून वापरतात. रॉमची चिप फार सावकाश वाचली जाते, म्हणून बायॉस स्वतःची प्रत या रॅममध्ये काढतो आणि तिथूनच काम करतो. मेमरी गेलेली नाही, दुसऱ्या कामाला लागली आहे.

‘मेम /सी’ (कोणी किती मेमरी घेतली ते दाखवणारी आज्ञा) चालवा आणि काय येतं ते इथे लिहा. (आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितोय, मशीनवर अर्थातच रोमन अक्षरांत टंका.)

म्हादईकाठ

मोठ्यात मोठा प्रोग्राम चालवण्यासाठी शिल्लक: ४९८ केबी. एक्स्टेंडेड ३०७२, सगळीच्या सगळी रिकामी.

अंत्रुजकर

हे वाचून १९९२ आठवलं. मी तेव्हा डिचोलीकडे एका खाणीच्या कचेरीत होतो, बार्जच्या फेऱ्यांचा हिशोब २८६ वर ठेवायचो. १ एमबी रॅम. फेऱ्यांची फाईल पावसाआधी, मे महिन्यात इतकी फुगायची की महिन्याचा गोषवारा काढताना हाच संदेश यायचा. मी मधोमध फाईल तोडून दोन गोषवारे काढायचो आणि हाताने बेरीज. मग डॉस ५ आला. एका मित्राने दोन ओळी घातल्या आणि जवळजवळ ४५ केबी मोकळे झाले. तीच फाईल एका दमात निघाली. त्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.एसवायएस
डॉस=हाय

म्हादईकाठ, तुम्ही सी: च्या जागी ए: घाला आणि हायमेमची फाईल फ्लॉपीवर ठेवा. हे कॉन्फिग.एसवायएस मध्ये, म्हणजे सुरू होताना डॉस वाचतो त्या फाईलीत जायला हवं.

पेडण्याची पोर

मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे हा धागा अगदी मन लावून वाचतेय. एक कळलं नाही. अंत्रुजकरकाका, तुमचा २८६ सुद्धा डॉसमध्ये १ एमबीच्या वर बघू शकत नव्हता ना? मग डॉस ‘हाय’ म्हणजे कुठे गेलं?

जुनी फ्लॉपी

फार चांगला प्रश्न विचारलास बाय. यासाठी वेळ काढून लिहितो, कारण मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत आवडते.

या प्रोसेसरात पत्ता दोन आकड्यांनी बनतो, सेगमेंट आणि ऑफसेट. सेगमेंटला १६ ने गुणायचं आणि ऑफसेट मिळवायचा. दोन्ही १६ बिटांचे. आता दोन्ही आकडे मोठ्यात मोठे घे, ६५,५३५ आणि ६५,५३५. पहिल्याला १६ ने गुणलंस की १०,४८,५६०. त्यात ६५,५३५ मिळव. ११,१४,०९५. हा पत्ता १ एमबीच्या पलीकडचा आहे!

८०८८ ला २० च तारा, त्यामुळे वरचा बिट सांडून जायचा आणि पत्ता परत शून्याजवळ यायचा. काही प्रोग्राम या वळशावर विसंबून लिहिलेले होते. १९८४ साली आयबीएमने २८६ घालून एटी काढला. त्याला २४ तारा, बिट सांडायचा थांबला, आणि ते प्रोग्राम चुकीच्या जागी वाचू लागणार हे दिसलं. म्हणून आयबीएमने एकविसाव्या तारेवर फाटक बसवलं. शून्यापासून मोजलं तर ती तार ए२०. फाटक उघडझाप करायला कुठून तरी एक सिग्नल हवा होता. कीबोर्डच्या नियंत्रक चिपचा एक पाय मोकळा होता, तिथून घेतला. म्हणजे मेमरीचं फाटक कीबोर्डच्या चिपकडे!

फाटक बंद असलं की मशीन जुन्या पीसीसारखं वागतं. उघडलं की डॉसमधूनच, प्रोसेसरची पद्धत न बदलता, १ एमबीच्या वरचे ६५,५२० बाइट दिसतात. ६४ केबीला १६ बाइट कमी. यालाच हाय मेमरी एरिया म्हणतात. हायमेम ते फाटक सांभाळतो आणि ‘डॉस=हाय’ म्हटलं की डॉसचा बराच भाग आणि बफर तिथे राहायला जातात. ती जागा एका वेळी एकालाच मिळते, आणि डॉसइतकं योग्य बिऱ्हाड तिला दुसरं नाही.

पेडण्याची पोर

आईशप्पथ. कागदावर बेरीज करून पाहिली. ११,१४,०९५ उणे १०,४८,५७६, अधिक १. बरोबर ६५,५२०.

म्हादईकाठ

दोन ओळी घातल्या. शिल्लक ४९८ ची ५४४ झाली. आणि प्रोग्राम उघडला!! पहिल्या पानावर काकांनी ‘श्री’ लिहिलंय.

पण ‘गावाप्रमाणे यादी’ निवडली की अर्ध्यात पुन्हा मेमरी अपुरी.

काणकोणकर

अभिनंदन. आता ईएमएम३८६ घाला आणि ईएमएस चालू करा. डेटाबेसचे प्रोग्राम ईएमएस वापरतात. २ एमबी देऊन टाका, सुटाल.

जुनी फ्लॉपी

काणकोणकर, थोडं थांबूया. ईएमएसला किंमत द्यावी लागते आणि इथे ती महाग पडू शकते. नव्या वाचकांसाठी दोन्ही प्रकार सांगतो.

ईएमएस म्हणजे एक्स्पांडेड मेमरी. लोटस १-२-३ च्या शीट ६४० मध्ये मावेनात, तेव्हा १९८५ साली लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून हा ठराव केला. पंगतीचं उदाहरण घ्या. माजघरात चारच पाट मांडायला जागा आहे, पाहुणे बाहेर पडवीत बसलेत. चार जण आत येऊन जेवतात, उठले की पुढचे चार. पाट तेच, माणसं बदलतात. राखीव ३८४ मधली ६४ केबीची एक मोकळी जागा म्हणजे ते माजघर, त्यात १६ केबीचे चार पाट. प्रोग्राम सांगतो की मला अमुक पान हवं, आणि ते पान त्या पत्त्यावर येऊन दिसू लागतं. माहिती हलत नाही, फक्त कोणत्या पत्त्यावर कोणतं पान दिसणार ते बदलतं, म्हणून काम झटपट होतं. सुरुवातीला यासाठी वेगळं कार्ड घ्यावं लागायचं. १९८७ च्या ४.० आवृत्तीत ही मेमरी ३२ एमबीपर्यंत नेता येऊ लागली.

एक्स्टेंडेड म्हणजे १ एमबीच्या वर सलग असलेली मेमरी, आणि तिच्या वाटपाचे नियम म्हणजे एक्सएमएस. हे अंगणापलीकडचं कोठार. तिथे बसून जेवता येत नाही, तिथलं धान्य उचलून घरात आणावं लागतं. हायमेम तेच करतो: प्रोग्रामने मागितला तेवढा तुकडा त्याच्या नावावर लिहून ठेवतो, एक क्रमांक देतो, आणि सांगेल तेव्हा माहिती इकडून तिकडे नेतो. स्मार्टड्राइव्हचा डिस्क कॅश आणि रॅमड्राइव्ह याच कोठारात राहतात.

२८६ ला या कोठारात जाणं जिवावर यायचं. १ एमबीच्या वर पोचायला तो प्रोटेक्टेड पद्धतीत जायचा, पण तिथून परत यायची आज्ञाच त्याच्यात नव्हती. परतायचं तर प्रोसेसर रीसेट करावा लागे, आणि एटीमध्ये तेही कीबोर्डच्या त्याच चिपकडून. उठल्यावर कुठून पुढे जायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असायचं. ३८६ मध्ये हा त्रास संपला.

आता किंमत. तुमच्या ३८६ मध्ये ईएमएसला वेगळं कार्ड लागत नाही. प्रोसेसरच पत्ते फिरवू शकतो, त्यामुळे एक्स्टेंडेडमधला तुकडा राखीव भागातल्या कुठल्याही मोकळ्या पत्त्यावर दाखवता येतो. याच युक्तीने दोन कामं होतात, ईएमएसचे पाट मांडणं किंवा त्या मोकळ्या जागेत ड्रायव्हर बसवणं. सी८००० पासून ई-एफएफएफएफ पर्यंत साधारण १६० केबी मोकळे असतात. ईएमएस चालू केलं की त्यातले ६४ गेले. काकांचा प्रोग्राम ईएमएस वापरत नसेल तर ते पाट रिकामेच राहणार.

काणकोणकर

मान्य. प्रोग्राम ईएमएस वापरतो का हे आधी बघायला हवं होतं. म्हादईकाठ, एकदा ईएमएस चालू ठेवून यादी काढा आणि त्याच वेळी किती ईएमएस खर्च झालं ते तपासा.

म्हादईकाठ

तपासलं. प्रोग्रामच्या आतून डॉसमध्ये जाऊन ‘मेम’ चालवलं. ईएमएस जितकं दिलं तितकंच रिकामं. वापरत नाही.

जुनी फ्लॉपी

मग ठरलं. ईएमएस बंद, सगळी जागा ड्रायव्हरांना.

डिव्हाइस=ए:\हायमेम.एसवायएस
डिव्हाइस=ए:\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी

यूएमबी म्हणजे राखीव भागातली तीच मोकळी जागा. आणि ऑटोएक्झेकमध्ये (सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाईल) देवनागरी, माऊस आणि प्रिंटर या तिन्हींच्या आधी ‘एलएच’ लिहा, म्हणजे ते वरच्या भागात बसतील. क्रमाकडे लक्ष द्या. बरेच ड्रायव्हर आत शिरताना जास्त जागा मागतात आणि बसल्यावर थोडीच ठेवतात. म्हणून सर्वांत मोठा आधी आत घ्या, लहान मागाहून. (डॉस ६ बरोबर १९९३ साली मेममेकर आला, तो हे क्रम आपोआप लावून बघायचा. तीनच प्रोग्राम असताना त्याची गरज नाही.)

पेडण्याची पोर

क्रमाचं कारण मी थोडं वाचलंय, चुकलं तर सांगा. डॉस मेमरी १६-१६ बाइटांच्या हिशोबाने देतो आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर १६ बाइटांचं एक लेबल ठेवतो: हा तुकडा कोणाचा, किती लांब. लेबलाचं पहिलं अक्षर ‘एम’, आणि साखळीतला शेवटचा तुकडा असेल तर ‘झेड’. पुढचं लेबल कुठे ते लांबीवरून कळतं. त्यामुळे मधला एखादा प्रोग्राम काढला तर तिथे भोक राहतं, आणि दोन लहान भोकांची मिळून एक मोठी जागा होत नाही. बरोबर ना?

जुनी फ्लॉपी

अगदी बरोबर. आणि एखाद्या प्रोग्रामने चुकून ते लेबल खरडलं तर साखळीच तुटते, डॉस तिथल्या तिथे मशीन थांबवतो. त्या काळात निम्मी मशीनं दुकानात याच कारणाने यायची.

म्हादईकाठ

वाईट बातमी. सांगितलं तसं केलं. मशीन चालू झालं, देवनागरीचा ड्रायव्हर चढला, आणि पडद्यावरच्या अक्षरांचे तुकडे झाले. काने एकीकडे, मात्रा दुसरीकडे, मग सगळं थिजलं. तीनदा तेच. साध्या फ्लॉपीने बूट केलं की परत नीट. कार्ड बिघडलं का हो?

जुनी फ्लॉपी

कार्ड नीट आहे, घाबरू नका. कार्डाला स्वतःची मेमरी असते आणि ती त्याच राखीव भागात दिसते. ईएमएम३८६ सुरू होताना मोकळ्या जागा शोधतो, पण कार्डाचा ड्रायव्हर तोवर चढलेला नसतो, कार्ड झोपलेलं असतं. त्याला वाटतं जागा मोकळी आहे, आणि तो तिथे रॅम मांडतो. मग कार्ड जागं होतं आणि एकाच पत्त्यावर दोघं. कार्डावर छोटे जंपर (सेटिंग बदलायच्या काढघाल टोप्या) असतील, त्यांच्याजवळ काय छापलंय बघा.

म्हादईकाठ

टॉर्च लावून बघितलं. जंपर ‘डी०००’ वर आहे, बाजूला ३२ के. आणि मदरबोर्डवर कडेला पिंपासारखी छोटी बॅटरी आहे, तिच्याभोवती हिरवं काहीतरी आलंय.

बाल्कांव

ती बॅटरी आजच कापून काढा! आपल्या हवेत ती फुटून आम्लारी पाणी बाहेर येतं आणि बोर्डाच्या रेषा खाऊन टाकतं. जागा पांढऱ्या व्हिनेगरने हलकेच पुसा (घरातलं माडाचं व्हिनेगर नको), नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पट्ट्यांच्या टोकांवरून खोडरबर फिरवा.

जुनी फ्लॉपी

बाल्कांव यांचं आधी ऐका. बॅटरी काढल्यावर सेटिंग पुसली जाणार, म्हणून सेटअपमधले हार्डडिस्कचे आकडे आधी कागदावर उतरवा.

आणि ओळ अशी करा:

डिव्हाइस=ए:\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस एक्स=डी०००-डी७एफएफ

‘एक्स’ म्हणजे या पत्त्यांना हात लावू नकोस. (इथे पत्त्याचा शेवटचा अंक गाळून लिहितात, डी००० म्हणजे डी००००.) ३२ केबी कार्डाला दिले, तरी खाली ३२ आणि वर ९६ असे १२८ केबी उरतात. बी००० ते बी७एफएफ हा जुन्या एकरंगी पडद्याचा ३२ केबीचा पट्टाही काही मशीनांत वापरता येतो, पण तुमचं देवनागरी कार्ड पडद्याशीच खेळतं, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

म्हादईकाठ

दोन दिवसांनी लिहितोय. बॅटरी काढली, पुसलं, वाळवलं. ‘एक्स’ची ओळ घातली.

शिल्लक ६१२ केबी. गावाप्रमाणे यादी शेवटपर्यंत निघाली, ३८ पानं. आईला बोलावून दाखवली. तिने काकांचं एक वाक्य मोठ्याने वाचलं: ‘कवंडळ, पिकल्यावर तांबडं, ठाण्याच्या रानातून, दोन नग.’ मग माट्टी, कांगलां, घागऱ्यो, तोरिंजन, सुपारीची शिपटी. तिला आणणाऱ्यांचे चेहरे आठवत होते.

जुनी फ्लॉपी, अंत्रुजकर, सगळ्यांचेच मनापासून आभार. आता एक शेवटचं. काढलेली फाईल माझ्या लॅपटॉपवर उघडली तर देवनागरी दिसत नाही, सगळी चिन्हं दिसतात.

पेडण्याची पोर

ती इस्कीमध्ये असणार, म्हणजे भारतीय लिप्या संगणकात साठवायच्या जुन्या मानकात, आयएस १३१९४ : १९९१. त्यात एका वर्णाला एकच बाइट. ‘कवंडळ’ हा शब्द क, व, अनुस्वार, ड, ळ असा पाच बाइटांत बसतो. आज यूटीएफ-८ मध्ये त्यालाच १५ लागतात. तुमच्या मशीनच्या त्या ६४० केबीत काकांच्या याद्या मावल्या त्या अशाच.

बदलून देणारा छोटा प्रोग्राम मी लिहिते. नुक्ता आणि जोडाक्षरं सांभाळावी लागतील. नमुन्याला दहा ओळी व्यक्तिगत निरोपात पाठवा, आणि त्याच दहा ओळींचा पडद्याचा फोटोही, म्हणजे अक्षर अक्षर जुळवून बघता येईल.

म्हादईकाठ

पाठवतो. फोटो उजेडात काढतो, इथे आत्ता पाऊस भरून आलाय.

अंत्रुजकर

बेतकीच्या बाजूची काही नोंद आहे का त्यात? आमच्या घरी माटोळीला एक लहान लालसर फळ बांधायचे, नाव आता कोणालाच आठवत नाही.

म्हादईकाठ

बेतकी १९९६ मध्ये आहे, चार घरं. यादी चालू करून बघतो आणि सांगतो.